भट्टीची धर्मआई

फोन वाजला तेव्हा लोरेदाना बोलत होती, आणि वाक्य तिथंच लोंबकळत राहिलं. सहाव्या मजल्यावरची काचेची खोली, लांबलचक टेबल, थंड होत चाललेल्या कॉफ्या, खाली ब्रसेल्सच्या ट्रामा वळणावर कण्हताहेत, आणि मुद्दा असा होता की परदेशातून येणाऱ्या पोलादावर धुराची जकात कुठल्या वर्षी किती चढवायची. फोनवर बाबाचं नाव. आठवड्याच्या मधल्या दिवशी बाबा फोन करत नाही. कामाच्या माणसाला कामाच्या वेळेत फोन करायचा तो कुणी गेलं तरच, हा बाबाचा, अत्तिलियोचा, जन्माचा कायदा. आई गेली तेव्हासुद्धा त्यानं आधी ‘जेवणाची सुट्टी झाली का’ असं विचारलं होतं. म्हणून तिनं सगळ्यांसमोर फोन उचलला आणि कानापासून वीतभर लांब धरला. अत्तिलियोनं उभं आयुष्य झोतभट्टीच्या पायथ्याशी काढलेलं, त्याला हळू बोलताना कुणी ऐकलेलं नाही.

‘धर्मआई!’ फोनमधून आवाज आला, तो टेबलाच्या पार टोकाला पोचला. ‘शुक्रवारी सकाळी यायचंय. तिला विझवताहेत.’

‘बाबा, मी मीटिंगमध्ये आहे.’

‘मग हो म्हण आणि बस मीटिंगमध्ये. भट्टीवरची पोरं अडून बसलीत. धर्मआईनं तोंडानं सांगितल्याशिवाय वारा तोडायचा नाही म्हणतात. मी शब्द देऊन बसलोय, माझी लेक येईल म्हणून. येशील ना?’

‘बघते.’

‘बघायचं काय त्यात? बघायला ती काय नवरी आहे?’ आणि फोन बंद.

तिची वरिष्ठ बिर्गिटे, डेन्मार्कची, मनानं चांगली पण चेहऱ्यावर कायम हिवाळा, तिनं हलकेच विचारलं, ‘कुणी वारलं का?’ ‘अजून नाही,’ लोरेदाना म्हणाली, ‘शुक्रवारी.’ आणि हे आपण काय बोललो ते तिचं तिलाच मागाहून कळलं. कुणीतरी उगाच साखरेची पुडी फाडली. मग ती पुन्हा जकातीवर आली, पुढचं सगळं नीट बोलली, एकदा तर एका फ्रेंच माणसाला गप्पसुद्धा केलं. पण आतून काहीतरी हललं होतं ते जागेवर येईना. शब्द ओळखीचा, आवाज ओळखीचा, तरी ‘धर्मआई’ म्हणून तिला हाक मारून किती वर्षं झाली होती! आईच्या मातीनंतर नाहीच. मधल्या काळात ती होती ‘आमची ब्रसेल्सची’.

आता भट्टीची धर्मआई म्हणजे काय, हे या इमारतीत कुणाला सांगावं? सांगितलं तर कौतुकानं माना डोलवतील, आणि त्या माना बघून तिला राग येईल. मझ नदीच्या काठावर, तिच्या गावात, नवी भट्टी पेटवायची तर ती साहेबानं पेटवायची नाही, मंत्र्यानं तर नाहीच नाही. कामगाराच्या घरातली एखादी लहान मुलगी पुढं करायची, तिच्या हातात पलिता द्यायचा, आणि तिनं तो खालच्या भोकातून आत सारायचा. चर्चमध्ये बाळाला धर्मआई असते, तशी ती त्या दिवसापासून त्या भट्टीची धर्मआई. खरं तर मान फोरमनच्या मुलीचा होता, पण तिला ऐनवेळी गोवर निघाला आणि अत्तिलियोच्या सात वर्षांच्या पोरीचं नशीब फळफळलं. पांढरे बूट आईनं उसने आणले होते, ते मोठे होत होते म्हणून पुढं कापूस कोंबला होता. पलिता जड, भोक काळं, आणि मागं हजार माणसं गप्प. तिनं भोकाड पसरलं. तेव्हा बाबाच्या पाळीतल्या फिर्मांकाकानं मागून तिच्या कमरेला धरलं, दारूचा आणि साबणाचा वास येत होता त्याला, आणि तो कानात म्हणाला, ‘घाबरू नका धर्मआई, ही अजून जन्मायचीय, चावत नाही.’ त्या दिवसापासून मिश्यांचे मोठे मोठे बाप्ये तिला अहोजाहो करायला लागले. शाळेतून येताना रस्त्याच्या पलीकडून हाक: ‘अहो धर्मआई, तुमचं लेकरू आज नीट खाईना हो!’ आणि ती दप्तर सावरत, पोक्त चेहरा करून म्हणायची, ‘मी बोलते तिच्याशी.’

आणि बोलायचीसुद्धा. भट्टी रुसली, आतला माल अडकला, खालून फुंकलेला वारा जाईना, की अत्तिलियो तिला सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचा. भट्टीला पोटाशी गोल रांगेनं डोळे होते, एकेका डोळ्याला निळी काच. बाबा तिला उचलून धरायचा, ती काचेला नाक लावायची, आत पांढरं पांढरं नाचताना दिसायचं आणि ती ओरडायची, ‘ए बये, खा बघू गुपचूप! माणसं दमलीत!’ माल कधीतरी खाली बसायचाच, त्याला बसावंच लागतं. पण बसला की सगळे तिच्याकडं बघून टोप्या काढायचे. ही थट्टा होती हे तिला फार उशिरा कळलं. आणि त्याहून उशिरा, ब्रसेल्सला आल्यावर कधीतरी, हे कळलं की ती नुसती थट्टा नव्हती. एवढ्या आगीपुढं रोज उभी राहणारी माणसं, त्यांना कुणीतरी लहान, आपलं, तिला दटावणारं लागत होतं.

संध्याकाळी ट्राममध्ये ती दांडी धरून उभी होती आणि तिच्या नाकात एकदम लाल धूळ आली. धूळ ब्रसेल्समध्ये कुठून येणार, पण आली. आई दिवसातून दोनदा खिडक्यांचे कठडे पुसायची. कपडे वाळत घालण्यापूर्वी गल्लीतल्या सगळ्या बाया दारात येऊन तोंड वर करून वारा कुठला आहे ते बघत, आणि वारा भट्टीकडचा असला की ओली टोपली तशीच आत. पाहुण्यांच्या चादरीवर लाली दिसली तर आई म्हणायची, ‘घाण नाही हो ती, पगार आहे.’ मग ती खोकायला लागली. आधी हिवाळ्यात, मग बाराही महिने. डॉक्टरनं सिगारेट विचारली. आईनं आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. अत्तिलियो दवाखान्याच्या बाहेर भिंतीशी उभा होता, टोपी हातात, आणि त्याच्या हाताच्या रेघांतून लाल काही केल्या निघत नव्हतं. त्या वेळी लोरेदाना विद्यापीठात होती. पुढं काय शिकायचं ते तिनं त्या भिंतीशीच ठरवलं, पण हे ती कुणाला सांगत नाही. नोकरीच्या मुलाखतीत तिनं दुसरंच काहीतरी चांगलं कारण सांगितलं होतं.

गंमत म्हणजे ती या शहरात पहिल्यांदा राहायला आली तेव्हा तिला झोप येईना. घरमालकीण बाई मोठी मायाळू, तिनं विचारलं, काय होतंय? लोरेदाना म्हणाली, ‘तुमच्याकडं संप आहे का?’ बाईला काही समजेना. लोरेदानाला वाटत होतं की प्रत्येक गावाला पाठीमागून एक घरघर असतेच, आभाळ रात्री तांबडं असतंच, आणि ते नसलं म्हणजे कामगार बाहेर बसलेत. बाबाला हे सांगितलं तर तो आठवडाभर कॅफेत सांगत सुटला, ‘माझ्या पोरीला राजधानी बंद पडल्यासारखी वाटली!’ त्या दोघांचं हे असं होतं. एकमेकांचं वेड घेऊन दोघं गावभर मिरवत.

आणि तसंच त्यानं जकातीचं केलं. तीच तर गोम होती. एका रविवारी, खिम्याचे गोळे आणि अंगणातले टोमॅटो यांच्यामध्ये, तिनं त्याला कामाचं सगळं समजावून सांगितलं होतं. म्हणजे बघ बाबा, या कायद्याला दोन हात आहेत. एका हातानं वेशीवर जकात: बाहेर कुठंही धूर करून स्वस्तात ओतलेलं पोलाद इकडं आलं की त्या धुराचे पैसे मोजूनच आत. आणि दुसऱ्या हातानं आपल्या घरच्या भट्ट्यांना आजवर धूर माफ होता, ती माफी दर वर्षी थोडी थोडी काढून घ्यायची. पाहुण्याला वेशीवर अडवायचं आणि घरच्याला सोडायचं, हे जगात कुठं खपत नाही. अत्तिलियोनं मान हलवली, गोळा तोंडात टाकला, आणि संध्याकाळी कॅफेत जाऊन पहिला हात तेवढा सांगितला. ‘माझी लेक वेशीवर बसलीय! आता बघू कोण येतो स्वस्ताचं लोखंड घेऊन! भट्टीला मरण नाही!’ त्यानं सगळ्यांना पाजलीसुद्धा. दुसरा हात त्याला ऐकू आला नाही, की ऐकू येऊन त्यानं तो ताटाखाली सारला, हे तिला आजतागायत कळलेलं नव्हतं. पुढं कंपनीनं जाहीर केलं: जुनी भट्टी बंद, तिच्या जागी विजेची, निम्मी माणसं. कारणं बरीच होती, भट्टी म्हातारी झाली होती, कोळसा महागला होता, पण माफी संपत आली हे कारण सगळ्यांत वर होतं. त्यानंतरच्या रविवारी ती बोलणी खायच्या तयारीनं घरी गेली. अत्तिलियोनं दार उघडलं, गालांचे मुके घेतले, ताट वाढलं, आणि तीन तास टोमॅटोवर बोलला. कीड कशी पडते, कशी पडत नाही. भट्टीचं अवाक्षर नाही. त्यानंतरही कधी नाही. एकदा तरी ओरडायचं होतं त्यानं! जो माणूस मीठ मागताना ओरडतो, तो इथंच तेवढा गप्प बसला.

म्हणून तिला आता कळेना की बाबा तिला मानानं बोलावतोय, की गावासमोर उभं करायला बोलावतोय. नाही गेली तर त्याचा शब्द पडतो, आणि त्या गावात शब्द पडलेल्या म्हाताऱ्यानं कॅफेत कुठं बसायचं? गेली, तर जिनं पेटवली तिनंच मारली, असं पुढं पोराबाळांपर्यंत म्हणतील, आणि काय चूक म्हणतील? कायदा चुकीचा आहे असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. वाईट याचंच वाटत होतं. चूक असती तर रडून मोकळं होता आलं असतं. तिला गाव हवं होतं आणि आईची छाती साफ हवी होती, आणि हे दोन्ही एका मुठीत मावत नव्हतं, कधीच मावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बिर्गिटेनं तिला लिफ्टपाशी गाठलं. ‘जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही,’ ती म्हणाली, म्हणजे तेच म्हणाली. ‘पण कुणी फोटो काढला तर? कायदा लिहिणारीनंच भट्टी विझवली. दोन्ही बाजूंना मेजवानी.’

‘लिहिणारे आपण पन्नास जण होतो, बिर्गिटे.’

‘फोटोत एकच मावतो.’

लोरेदाना हसली. लिफ्ट आली, गेली. मग बिर्गिटे एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, ‘माझे वडील मासेमारीला जायचे. किती मासे धरायचे याचा कोटा आला तेव्हा बोट मोडली त्यांनी. मी तेव्हा कोपनहेगनला परीक्षा देत होते. काही फार महत्त्वाची नव्हती ती.’ एवढंच म्हणून तिनं लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. हिवाळ्याच्या आत इतकी वर्षं काय होतं ते लोरेदानाला पहिल्यांदा दिसलं, आणि तिला त्या बाईला कडकडून मिठी मारावीशी वाटली. पण त्या इमारतीत तशी पद्धत नाही.

शुक्रवारी स्टेशनवर अत्तिलियो उभा होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली, हनुवटीवर कागदाचा कपटा चिकटवलेला, कापलं होतं. ऐंशीला टेकला तरी उभा मात्र ताठ. तिला वाटलं आता काहीतरी बोलेल.

‘खाल्लंस?’

‘गाडीत खाल्लं.’

‘गाडीतलं काय खाणं! आणि हा फिका कोट कशाला घातलास? तिथं धूळ असते.’

‘मला माहीत आहे बाबा, तिथं धूळ असते.’

‘उद्यापासून नसेल म्हणा,’ तो म्हणाला, आणि तिचा दंड धरून चालायला लागला. त्याचा चांगला कान डावा, म्हणून ती नेहमीसारखी डावीकडं गेली. गल्लीतून जाताना दारं उघडत होती. ‘धर्मआई आली गं!’ कुणी गालावर हात फिरवला, कुणी आईची आठवण काढली. एका घरी मात्र तिला बघून खिडकी लावून घेतली, मुद्दाम, आवाज करून. अत्तिलियोला आवाज गेला नसेल, पण खिडकी दिसली. त्याची बोटं तिच्या दंडावर जरा घट्ट झाली. ही बोटं सांभाळताहेत की धरून नेताहेत, असं तिच्या मनात आलं, आणि मनात आल्याची तिला लाज वाटली. सगळ्या गल्लीवर ती जुनी घरघर होती, पायांतून वर चढणारी. ती ऐकताच तिच्या अंगातलं काहीतरी, ब्रसेल्समध्ये सतत उभं राहिलेलं, खाली बसलं. एवढं बरं वाटावं ही केवढी पंचाईत, ती मनात म्हणाली.

फाटकाशी फिर्मांकाका काठीवर ओणवा होऊन वाट बघत होता, निम्मा उरला होता तो. ‘या, धर्मआई! वजन वाढलंय तुमचं.’

‘तुमचं सगळं गेलं कुठं, काका?’

‘उतरवून ठेवलंय. जाताना हलकं बरं.’ मग अत्तिलियोकडं वळून तो खच्चून ओरडला, ‘आणलीस का रे वेशीवरची जकातवाली?’ अत्तिलियोनं त्याच्याकडं असं पाहिलं की फिर्मां एकदम काठीकडं बघायला लागला. ही थट्टा वर्षानुवर्षं चालत आली असणार, आणि बाबा रोज ती कॅफेत बसून ऐकत असणार, घरी न जाता, जागा न बदलता.

भट्टीपुढच्या फरशीवर कामगारांची सगळी पाळी उभी होती, आणि जुन्या पाळ्यांतले जेवढे चालू शकत होते तेवढे. शेवटची धार नुकतीच काढून झाली होती. वाळूच्या पाटातून लोखंडाचा रस खाली गेला होता, कडेला जरासा लाल उरला होता. कंपनीचा तरुण साहेब हातात भाषण घेऊन आला होता, पण त्या आवाजात त्याचे ओठ हलताना तेवढे दिसले. पाळीचा मुकादम आता लुदो होता. लुदोला तिनं लहानपणी कडेवर घेतलेलं, त्याची आई कामाला जाताना त्याला त्यांच्याकडं सोडायची. तो टोपी काढून पुढं आला नाही. विजेच्या भट्टीवर ज्यांना घेणार त्यांत त्याचं नाव होतं की नव्हतं हे तिला माहीत नव्हतं, आणि त्याच्या तोंडाकडं बघून विचारायची गरज राहिली नाही.

तो अगदी जवळ आला, कारण तिथं जवळ आल्याशिवाय बोलताच येत नाही. ‘खाली साहेबाचं बटण आहे,’ तो म्हणाला. ‘पण वारा माझ्या हाताच्या खुणेवर तुटतो. तुम्ही म्हणालात की मी हात वर करणार.’

‘कळलं.’

‘त्याआधी एक सांगा. ही तुमच्या कायद्यानं मेली का?’

मागची माणसं जवळ सरकली होती. अत्तिलियो कठड्यापाशी उभा होता, त्याला यातलं काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. तो आपला भट्टीकडं बघत होता. तिच्याजवळ उत्तरं पुष्कळ होती. म्हातारपण, कोळसा, कंपनीनं वेळेवर न केलेल्या दुरुस्त्या, सगळी खरी. सगळी एकदम तोंडाशी आली, आणि त्यांच्या मागं आईचे कठडे पुसणारे हात आले.

‘थोडी म्हातारपणानं,’ ती म्हणाली. ‘थोडी आमच्या कायद्यानं. लिहिताना मला ठाऊक होतं, लुदो. मला हीच डोळ्यांपुढं दिसत होती. आणि उद्या पुन्हा लिहायला बसवलं तर मी तेच लिहीन.’

लुदोच्या कानशिलाची शीर उडत होती. तिला वाटलं, आता हा वळून निघून जाईल, आणि मग बाबाचं काय?

‘मग म्हणा,’ तो म्हणाला. ‘करणाऱ्यानं तोंडानं म्हणावं. आम्हाला एवढंच पाहिजे होतं.’

ती निळ्या काचेपाशी गेली. वाकावं लागलं, पूर्वी उचलावं लागायचं. आतलं पांढरं खाली गेलं होतं, दमलं होतं. तिला ओरडता येईना. एवढ्या आवाजात कुणालाच ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, ‘पुरे, बाई. खूप केलंस. पुरे आता.’ लुदोनं तिचे ओठ पाहिले आणि हात वर केला.

वरचं झाकण उघडलं आणि एक लांब, सगळे पत्रे थरथरवणारा श्वास बाहेर पडला, मग बारीक झाला, मग उरलाच नाही. त्या जागेची शांतता तिथं उभ्या असलेल्यांपैकी कुणाच्याच ओळखीची राहिली नव्हती. कुठंतरी पाणी ठिबकत होतं. नदीवरून एक बोट जात होती, तिच्या इंजिनाचा आवाज येत होता; मझवर बोटींना आवाज असतो हे गाव विसरूनच गेलं होतं. ‘टोप्या काढा रे!’ फिर्मांकाका सवयीनं गरजला, आणि त्याचा आवाज पत्र्यावरून परत त्याच्याच अंगावर आला, तेव्हा त्यानं घाबरून तोंडावर हात ठेवला. दोघंतिघं हसली. हसता हसता त्यांची तोंडं वाकडी झाली. आडदांड माणसं, कुठं बघावं ते त्यांना कळत नव्हतं.

‘खोळंबा कसला झालाय?’ अत्तिलियो ओरडला. तो अजून कठड्याशीच होता, मान पुढं काढून. ‘अजून म्हणाली नाही का ही?’

सगळ्यांनी आधी त्याच्याकडं, मग तिच्याकडं पाहिलं. ती त्याच्या डाव्या बाजूला गेली. ‘बाबा, थांबली ती.’

‘आं?’

‘थांबली, बाबा.’

‘कुठली थांबली! मला चक्क ऐकू येतेय.’ तो चिडला होता, म्हातारी माणसं फसवलं जातंय असं वाटून चिडतात तसा. ‘घरघर चाललीय तिची. तुम्ही काय मला वेडा समजता?’

मग तिला ओरडावं लागलं. त्या एवढ्या शांततेत, सगळ्या पाळीसमोर, जी गोष्ट तिनं काचेशी कुजबुजून सांगितली होती तीच घशाच्या शिरा ताणून सांगावी लागली. ‘थांबली, बाबा! मी सांगितलं, आणि थांबली!’ तो आवाज छपरापर्यंत गेला, खाली फाटकाशी उभ्या असलेल्या बायांनासुद्धा गेला असेल.

अत्तिलियोनं फिर्मांचा चेहरा पाहिला, लुदोचा पाहिला. कठड्यावर तळवा ठेवला, जरा थांबला, उचलला, पुन्हा ठेवला. मग करंगळी कानात घालून हलवली, बाहेर काढली, ऐकलं. त्याच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी उतरत गेलं. घरात, चर्चमध्ये, तिच्या आईशेजारी अंथरुणात, जे रोज ऐकू येत होतं ते भट्टीकडून येतंय असंच तो समजत आला होता; त्याला वेगळं वाटायचं कारणच काय? आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपल्या बापाला हळू बोलताना ऐकलं.

‘मग ही कुठली वाजतेय?’

तिनं नुसता त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, फिक्या कोटावर, सगळ्यांदेखत. उत्तर मागून आलं, लुदोकडून, घोगरं, नाखुशीनं दिल्यासारखं. ‘ती तुमच्या कानातली, तुमची स्वतःची, अत्तिलियोकाका. तिच्यावर यांची जकात नाही.’

‘काय म्हणतोय तो?’

ती रडत होती आणि हसतही होती, तशीच त्याच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन तिनं ओरडून सांगितलं, ‘ती तुझी आहे म्हणतोय! तिच्यावर जकात नाही!’

अत्तिलियोनं विचार केला. हनुवटीवरचा कागद निघून पडला होता, तिथं रक्ताचा एक ठिपका वाळला होता. सगळी पाळी, नवी जुनी, टोप्या हातात घेऊन त्याच्या तोंडाकडं बघत होती.

‘लाव की जकात,’ तो तिला म्हणाला. ‘तू लावलीस तर भरीन मी.’